गृहीत संमती आणि अवयवदान : सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहीत संमती म्हणजे नेमकं काय?

माणसानं जिवंतपणी "मला अवयव द्यायचे नाहीत" असं कुठं नोंदवलेलं नसेल, तर त्याची हरकत नव्हती असं धरून चालायचं, ही गृहीत संमती. गप्प बसणं म्हणजे हो. दुसऱ्या पद्धतीत गप्प बसण्याला काही अर्थ नसतो. कुणीतरी तोंडानं आणि सहीनं हो म्हणावं लागतं. भारतात ही दुसरी पद्धत आहे.

गृहीत संमतीतही पोटजाती आहेत. ऑस्ट्रियाचा १९८२ पासूनचा कायदा कडक समजला जातो, तिथं नातेवाइकांची परवानगी कायद्यानं लागत नाही. स्पेनचा सौम्य. कायद्यात संमती गृहीत असली तरी घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. नेदरलँड्सनं १ जुलै २०२० पासून तिसरी वाट धरली: प्रत्येक प्रौढाला पत्र जातं, हो, नाही, की घरचे ठरवतील, ते कळवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा पत्र. तरीही उत्तर नसेल, तर नावापुढं 'हरकत नाही' अशी नोंद होते आणि ती हवी तेव्हा बदलता येते.

"मेल्यावर अवयव सरकारजमा होणार" असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं आहे का?

नाही.

मग भारतात आज कायदा काय सांगतो?

मूळ कायदा १९९४ चा, मोठी दुरुस्ती २०११ ची, नियम २०१४ चे. मेंदूमृत, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या, व्यक्तीचे अवयव दोन वाटांनी मिळू शकतात. पहिली वाट अशी की त्या व्यक्तीनं जिवंतपणी लेखी संमती दिलेली असावी (नमुना ७), दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक असावा. दुसऱ्या वाटेत असं काही लिहिलेलं नसतं, पण नकारही दिलेला नसतो. अशा वेळी मृतदेह ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे तो नमुना ८ वर सही करून परवानगी देऊ शकतो. मात्र कोणत्याही जवळच्या नातेवाइकाची हरकत आहे असं मानायला जागा असेल, तर ही वाट बंद.

'कोणत्याही' या शब्दावर बोट ठेवून वाचा. बायको हो म्हणाली आणि सख्खा भाऊ नाही म्हणाला, तर गाडी तिथंच थांबते.

२०११ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट आणली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: विचारण्याची सक्ती. आयसीयूतल्या अशा रुग्णाच्या नातेवाइकांकडं अवयवदानाचा विषय काढणं हे डॉक्टर आणि प्रत्यारोपण समन्वयकाचं (अवयवदानाची जुळवाजुळव बघणाऱ्याचं) कर्तव्य ठरलं. म्हणजे तुम्हाला कुणी विचारलं, तर तो आगाऊपणा नाही, कायद्यानं सांगितलेलं काम आहे. उत्तर काय द्यायचं ते सर्वस्वी तुमच्या हातात.

जवळचे नातेवाईक म्हणजे कोण? आमच्याकडं तर अख्खी भावकी येते.

कायद्याची यादी लहान आहे: नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी, आजोबा, नातू, नात. चुलते, मामा, मेहुणे, सासरे, गावचे पोलीस पाटील यात बसत नाहीत.

पण यादी कागदावर असते आणि भावकी व्हरांड्यात. तासगाव किंवा माणच्या एखाद्या गावातनं दोन जीपगाड्या भरून माणसं येतात आणि शेवटचा शब्द थोरल्या चुलत्याचाच असतो. कायद्यानं त्याच्या सहीची गरज नसते, तरी त्याला बाहेर ठेवून घेतलेली संमती टिकत नाही. अनुभवी समन्वयक म्हणूनच सगळ्यांना एकदम न बोलावता आधी विचारतो, "घरात निर्णय कोण घेतं?" मग त्या दोघा-तिघांना वेगळ्या खोलीत बसवून बोलतो. खुर्च्या, पाणी आणि बंद होणारं दार या तीन गोष्टी नसतील, तर बोलणं उद्यावर न्यावं इतकं त्यांचं महत्त्व आहे. पण उद्यापर्यंत थांबायला वेळ नसतो, ही खरी अडचण.

मी अवयवदानाचं कार्ड भरलंय. तरी घरचे नाही म्हणू शकतात?

व्यवहारात हो. कार्ड ही तुमची इच्छा, पण त्या वेळी तुम्ही बोलू शकणार नसता. घरच्यांचा विरोध डावलून शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय महाराष्ट्रात मिळणार नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे: अशा एका प्रकरणाची बातमी झाली की पुढची कित्येक वर्षं त्या तालुक्यात कुणी विषय काढू देणार नाही.

म्हणून कार्ड पाकिटात ठेवून उपयोग नाही, ते घरात सगळ्यांना माहीत असायला हवं. ज्यांनी जेवताना एकदा सहज म्हटलेलं असतं की "माझं काही झालं तर द्या", त्यांच्या घरचे लवकर हो म्हणतात. कारण मग त्यांना स्वतः निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त शब्द पाळायचा असतो.

आपल्या कायद्यात गृहीत संमती कुठंच नाही?

एक कोपरा आहे. कलम ५ म्हणतं की रुग्णालयात किंवा तुरुंगात पडून असलेल्या बेवारस मृतदेहावर मृत्यूपासून ४८ तासांत कुणी हक्क सांगितला नाही, तर तिथला प्रमुख अवयव काढायला परवानगी देऊ शकतो. नातेवाईक येण्याची शक्यता दिसत असेल तर मात्र नाही.

वाचायला दचकवणारं कलम आहे, पण घड्याळ लावून बघा. डोळ्यांचा पारपटल म्हणजे कॉर्निया मृत्यूनंतर ६ तासांत काढावा लागतो. हृदय थांबल्यावर किडनी-यकृताला मिनिटांचाच हिशेब. ४८ तास थांबल्यावर प्रत्यारोपणाच्या कामाचं फारसं काही उरत नाही. त्यामुळं हे कलम पुस्तकात आहे, वॉर्डात नाही.

स्पेनमध्ये गृहीत संमती आहे आणि स्पेन जगात पहिला. मग आपणही कायदा आणावा, एवढं सोपं नाही का?

या वादात सगळ्यात जास्त वेळा येणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात अर्धवटही हाच.

स्पेनचा कायदा १९७९ चा. पुढची दहा वर्षं तिथं फारसं काही घडलं नाही. १९८९ मध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागं मरणोत्तर अवयवदाते साधारण १४ होते. त्याच वर्षी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिली. पुढच्या दहा वर्षांत आकडा ३० च्या वर गेला आणि २०२३ पर्यंत तो ४८-४९ च्या घरात पोचला. कायदा तोच होता, बदलली ती यंत्रणा.

यंत्रणा म्हणजे काय? प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक, आणि तो बहुतेक ठिकाणी आयसीयूतलाच डॉक्टर. तो रोज सकाळी बघतो की डोक्याला मार लागलेले, मेंदूत रक्तस्राव झालेले रुग्ण कोण, कुणाची प्रकृती कुठल्या दिशेनं चाललीय. दुःखात असलेल्या घरच्यांशी कसं बोलायचं याचं त्याला रीतसर प्रशिक्षण दिलेलं असतं. एखादा संभाव्य दाता हातचा गेला तर का गेला, याची नंतर तपासणी होते. आणि घरच्यांना विचारलं जातंच. ही यंत्रणा उभी करणारे राफाएल मातेसान्झ यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की श्रेय कायद्याला देऊ नका.

उलट बाजूनं अमेरिका पाहा. तिथं स्पष्ट होकार लागतो, तरी २०२३ मध्ये १६ हजारांवर मरणोत्तर दाते होते, म्हणजे दर दहा लाखांमागं ४५ हून जास्त. भारतात त्याच वर्षी पहिल्यांदा हजाराचा टप्पा ओलांडला: १,०९९ दाते. दहा लाखांमागं एकसुद्धा नाही.

मग तो "ऑस्ट्रियात ९९ टक्के, जर्मनीत १२ टक्के" आकडा कुठला?

२००३ साली गाजलेल्या एका अभ्यासातला. आकडे खरे आहेत, पण ते नोंदलेल्या किंवा धरलेल्या संमतीचे आहेत, प्रत्यक्ष दानाचे नाहीत. ऑस्ट्रियात ९९ टक्के लोकांनी नकाराचा अर्ज भरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. साखर कारखान्याच्या सभासद यादीत नाव आहे म्हणून ऊस गाळपाला गेला असं होत नाही, तसंच हे.

ब्रिटनमध्ये काय झालं?

वेल्सनं १ डिसेंबर २०१५ पासून गृहीत संमती आणली, इंग्लंडनं २० मे २०२०, स्कॉटलंडनं २६ मार्च २०२१, उत्तर आयर्लंडनं १ जून २०२३. वेल्समध्ये सुरुवातीच्या काही वर्षांत होकाराचं प्रमाण चांगलं वाढलं. कायद्याआधी आणि कायद्यासोबत तिथं घरोघरी माहिती पोचवण्याची मोठी मोहीम चालली होती, हे त्याच्याबरोबर वाचायचं.

इंग्लंडचा कायदा ऐन कोरोनाच्या लाटेत लागू झाला. लोकांचं लक्ष नाही, रुग्णालयात भेटायला बंदी, घरच्यांशी बोलणं फोनवर. ब्रिटनभरचं होकाराचं प्रमाण २०१९-२० मध्ये ६८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२-२३ मध्ये ६१-६२ वर आलं. कायद्यामुळं घसरलं असं म्हणता येत नाही, पण कायद्यानं ते सावरलंही नाही. आणि एक वेगळाच गुंता झाला: रुग्णानं काही नोंदवलेलं नसेल तर घरच्यांना वाटतं की त्यानं काही ठरवलंच नव्हतं, कायदा म्हणतो की त्याची संमती होती. या दोन वाक्यांमध्ये घरच्यांशी बोलणारी नर्स अडकते.

इंग्लंडच्या कायद्यातले अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १८ वर्षांखालची मुलं, स्वतःचा निर्णय समजण्याची क्षमता नसलेली माणसं आणि बारा महिन्यांपेक्षा कमी काळ तिथं राहिलेले, यांची संमती गृहीत धरत नाहीत.

हा कायदा कुठं उलटला का?

ब्राझीलमध्ये चांगलाच. १९९७ चा कायदा १९९८ च्या जानेवारीत लागू झाला. नको असेल तर ओळखपत्रावर 'दाता नाही' असं छापून घ्यायचं. गरीब वस्त्यांत भीती पसरली की आता रुग्णालयात गेलो तर वाचवणार नाहीत, लोक छापून घ्यायला रांगा लावू लागले, डॉक्टरांच्या संघटनाही विरोधात गेल्या. त्याच वर्षी सरकारनं माघार घेतली.

चिलीनं २०१० मध्ये आणला. ओळखपत्राचं नूतनीकरण करतानाच नकाराची सोय होती. खिडकीवर घाईत विचारलं की माणूस 'नाही' म्हणतो, आणि लाखोंनी तसंच म्हटलं. २०१३ मध्ये दुरुस्ती करून नकार नोटरीसमोर द्यायची अट घातली, आणि ज्यांनी नकार दिलेला नाही त्यांना अवयव मिळण्यात प्राधान्य दिलं.

नकार देणाऱ्याला रांगेत मागं टाकणं योग्य आहे का?

सिंगापूर तसं करतं. त्यांचा कायदा १९८७ चा: आधी फक्त किडनी, फक्त अपघाती मृत्यू आणि मुस्लिम वगळून. २००४ मध्ये यकृत, हृदय, कॉर्निया आणि सर्व कारणांचे मृत्यू आले, २००८ मध्ये मुस्लिमही. इस्रायलनं २००८ च्या कायद्यानं वेगळं केलं: होकार नोंदवणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना जास्त गुण, पण संमती गृहीत नाही.

पैरा फेडण्याचा हा हिशेब शेतकऱ्याला लगेच पटतो: तू माझ्या रानात आलास, मी तुझ्या रानात येतो. पण ज्याला नोंदणी म्हणजे काय हेच कळलेलं नाही, त्याला त्यापायी शिक्षा होऊ नये. आपल्याकडं अशा माणसांची संख्या मोठी आहे, त्यामुळं आज तरी हा मार्ग इथं न्याय्य ठरणार नाही असं आमचं मत.

गृहीत संमतीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय? ते अंधश्रद्धाळू आहेत म्हणून ना?

नाही, त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा अंधश्रद्धेचा नाहीच, माहितीचा आहे. गप्प बसण्याला होकार म्हणायचं असेल, तर 'नाही' म्हणण्याची सोय प्रत्येकाच्या हाताशी हवी. दिवाळीनंतर बीडकडनं सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर आलेलं ऊसतोडीचं जोडपं घ्या. पाच-सहा महिने फडात, मोबाइल नंबर दरवर्षी नवा, आधारशी जोडलेला जुनाच, ओटीपी येणार कुठं? त्याच्या ट्रॅक्टरचा रात्री अपघात झाला, तर त्याची संमती कोणत्या आधारावर धरणार?

दुसरा मुद्दा न्यायाचा. देणारा बऱ्याचदा दुचाकीवरून पडलेला पोरगा असतो, आणि प्रत्यारोपण मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होतं. महात्मा फुले योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. तरी नंतर आयुष्यभर घ्यायच्या औषधांचा खर्च राहतोच. देणारे कोण आणि घेणारे कोण, हा प्रश्न लोक विचारणारच.

समर्थकांची बाजूही हलकी नाही. आज आपल्याकडं बहुसंख्य प्रत्यारोपणं जिवंत दात्यांकडून होतात, आणि ते देणं बऱ्याचदा बायकोच्या किंवा आईच्या वाट्याला येतं. मरणोत्तर दान वाढलं, तर घरातल्या बाईवरचा तो न बोललेला दबाव कमी होईल. शिवाय मृत्यूच्या पहिल्या तासात घरच्यांवर एवढा मोठा निर्णय टाकणं क्रूर आहे, ही त्यांची तक्रार खोटी नाही.

कायदा उद्या आला तर सांगली-साताऱ्यात अवयवदान वाढेल?

आमच्या मते फारसं नाही, कारण इथली गळती संमतीच्या आधीच होते. साखळी बघा.

रुग्ण पुणे-बंगळूर महामार्गावर किंवा गावच्या चौकात पडतो. आधी जवळच्या दवाखान्यात, मग मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या आयसीयूत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर सांगतात की आशा नाही. इथं बिल वाढत असतं, आणि घरचे ठरवतात की घरी न्यायचं. हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत रुग्णवाहिका गावाकडं निघते. हा माणूस मेंदूमृत होता का, हे कुणी तपासलेलंच नसतं. संमती गृहीत असो की नसो, तो साखळीतून गेला.

पुढची कडी नोंदणीची. अवयव काढायला रुग्णालय या कामासाठी नोंदलेलं लागतं: प्रत्यारोपण केंद्र म्हणून किंवा फक्त अवयव काढण्याचं केंद्र म्हणून. दुसऱ्या प्रकाराला शस्त्रक्रियागृह आणि आयसीयू पुरतं, प्रत्यारोपणाची सोय लागत नाही. तशी नोंदणी नसेल तर रुग्णाला हलवावं लागतं, आणि या अवस्थेतला रुग्ण हलवणं म्हणजे वाटेत हृदय थांबण्याचा धोका.

नंतरची कडी मेंदूमृत्यू ठरवणाऱ्या मंडळाची, म्हणजे चार डॉक्टर जमवणं. रविवारी रात्री मान्यताप्राप्त यादीतला बाहेरचा डॉक्टर मिळणं ही तालुक्याच्या गावी मोठी गोष्ट आहे.

आणि शेवटी अंतर. आपले जिल्हे पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडं येतात, वाटप तिथूनच होतं. हृदय आणि फुप्फुसं ४ ते ६ तासांत नव्या शरीरात सुरू व्हायला हवीत, यकृत साधारण ८ ते १२, किडनी २४ तास किंवा थोडं जास्त. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर, सांगलीहून २३० च्या पुढं. पेठ नाका, तासवडे, आनेवाडी, खंबाटकी, खेड-शिवापूर: पोलिसांनी हरित मार्ग केला, म्हणजे रस्ता मोकळा करून दिला, तर किडनी आणि यकृत आरामात जातात. हृदय सांगलीहून रस्त्यानं न्यायचं तर शस्त्रक्रियेचा वेळ धरून गणित फार ताणलं जातं, म्हणून कोल्हापूरच्या विमानतळाचा विचार करावा लागतो.

कायद्यानं या चारपैकी एकही कडी घट्ट होत नाही. तोच पैसा समन्वयक नेमण्यावर आणि मेंदूमृत्यू तपासण्यावर घातला, तर जास्त अवयव मिळतील.

मेंदूमृत म्हणजे कोमाच ना? माणूस परत येऊ शकतो?

कोमात मेंदू आजारी असतो. मेंदूमृत्यूत मेंदूस्तंभ, म्हणजे श्वास आणि शुद्ध चालवणारा भाग, कायमचा बंद झालेला असतो. हृदय चालतं कारण त्याला स्वतःची विजेची सोय आहे आणि व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवतोय. छाती वरखाली होते, अंग गरम असतं, लघवी होते. घरच्यांना "हा गेला" हे पटत नाही ते त्यामुळंच, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

तपासणीआधी कारण माहीत असावं लागतं, अंगाचं तापमान पुरेसं असावं, झोपेची किंवा स्नायू ढिले करणारी औषधं उतरलेली असावीत, रक्तदाब आणि क्षार सावरलेले असावेत. विषबाधा किंवा सर्पदंश असेल तर विशेष जपावं लागतं. नागाच्या किंवा मण्याराच्या विषानं बाहुल्या ताठरतात, हातपाय लुळे पडतात, आणि तो माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

मग एकेक प्रतिक्षिप्त क्रिया बघतात: बाहुलीवर उजेड, बुबुळाला कापसाचा स्पर्श, डोकं फिरवल्यावर डोळ्यांची हालचाल, कानात ५० मिलिलीटर बर्फाचं पाणी, घशात नळी घातल्यावर ठसका. सगळ्याला शून्य उत्तर असेल तरच शेवटची श्वासचाचणी. दहा मिनिटं १०० टक्के प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काढतात, श्वासनलिकेत बारीक नळीनं प्राणवायू चालू ठेवतात आणि ८ ते १० मिनिटं छातीकडं बघत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० मिमीच्या वर गेला तरी एकही श्वास आला नाही, तर चाचणी पक्की. मधेच रक्तदाब कोसळला किंवा प्राणवायू घसरला तर ती सोडून द्यावी लागते.

हे सगळं किमान ६ तासांच्या अंतरानं पुन्हा करायचं. लहान मुलांत अंतर जास्त. सही चौघांची: रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला बाहेरचा डॉक्टर, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन (तो नसेल तर नियमानुसार नेमलेला भूलतज्ज्ञ, फिजिशियन, सर्जन किंवा आयसीयूतज्ज्ञ), आणि उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतल्या कुणालाही या मंडळात बसता येत नाही. "अवयवासाठी लवकर मेला म्हणून सांगतील" या भीतीला कायद्यानं दिलेलं उत्तर ते हेच.

दोन चाचण्यांमधल्या सहा तासांत काय बिघडू शकतं?

बरंच. मेंदू गेल्यावर शरीर सांभाळणारा कारभारीच उरत नाही. रक्तदाब कोसळतो. लघवी रोखणारं संप्रेरक बंद झाल्यानं ताशी तीनशे-चारशे मिलिलीटर, कधी त्याहून जास्त, पाण्यासारखी लघवी जाते आणि सोडियम चढतं. अंग थंड पडतं. आयसीयूतले डॉक्टर शंभरचा नियम ठेवतात: वरचा रक्तदाब १०० च्या वर, लघवी ताशी १०० मिलिलीटरच्या आसपास, रक्तातल्या प्राणवायूचा दाब १०० मिमीच्या वर, हिमोग्लोबिन लिटरला १०० ग्रॅम. त्यासाठी सलाइन, व्हॅसोप्रेसिन, ब्लँकेट, आणि दर तासाला बघणारं माणूस लागतं. "आता काय उरलंय" म्हणून लक्ष काढलं, की होकार मिळालेला असूनही सकाळपर्यंत अवयव हाती लागत नाहीत.

अपघाताची केस आहे. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन यात अडकणार नाही का?

आधी कळवलं तर नाही. मेंदूमृत्यूचा दाखला झाला की रुग्णालय संबंधित पोलीस ठाण्याला आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवतं. तो डॉक्टर अवयव काढताना हजर राहू शकतो, आणि काढणाऱ्या चमूची टिपणं शवविच्छेदनाच्या अहवालात जातात. सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला नोव्हेंबर २०२१ पासून केंद्रानं परवानगी दिलीय, आणि त्यात अवयवदानाला अग्रक्रम आहे. अडतं ते तेव्हा, जेव्हा अपघात एका ठाण्याच्या हद्दीत आणि रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असतं आणि कागद कुणी काढायचा यावर तास जातात. पहिल्या चाचणीनंतरच ठाण्याला फोन गेला, तर हे टळतं.

आम्ही नाही म्हणालो तर व्हेंटिलेटर काढणार का?

इथं कायदाच अडखळतो. मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नाही. म्हणून दानाला होकार दिला तर तो माणूस मृत, नकार दिला तर रुग्णालयाला व्हेंटिलेटर काढायची धास्ती. एकच माणूस दोन कायद्यांत दोन प्रकारचा. गृहीत संमतीची चर्चा करण्याआधी हे दुरुस्त व्हायला हवं, कारण "मृत आहे" हे वाक्य दानावर अवलंबून नाही असं दिसल्याशिवाय कुणाचा विश्वास बसणार?

खर्च कोणावर पडतो?

होकारानंतर शरीर सांभाळणं, अवयव काढणं, साठवणं, नेणं यातला एक रुपयाही दात्याच्या घरच्यांवर येत नाही, तसा नियम आहे. त्याआधीच्या उपचाराचं बिल वेगळं. ते माफ करण्याचं आमिष दाखवून होकार मागणं हा व्यवहार ठरतो. अवयवांच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड आहे. होकारापर्यंतच्या बिलाचा आकडा लिहून घ्या, होकाराची वेळही लिहून घ्या.

शरीर विद्रूप होतं का? अंत्यविधी लांबतो का?

छातीपासून पोटापर्यंत टाक्यांची एक रेघ राहते, नेहमीच्या मोठ्या शस्त्रक्रियेसारखी. कपडे घातल्यावर दिसत नाही. त्वचा पाठ आणि मांड्यांवरून पातळ थरात काढतात. वेळ मात्र लागतो. होकारापासून मृतदेह ताब्यात मिळेपर्यंत १२ ते २४ तास धरून चाला आणि पाहुण्यांना तसंच कळवा. "लगेच देतो" असं कुणी सांगितलं आणि मग रात्र गेली, की घरच्यांचा राग येतो तो खोट्या शब्दाचा. अग्निसंस्कार, दफन, तिसऱ्या दिवसाचं सावडणं, यात कशालाच आडकाठी नाही.

नेत्रदान, देहदान आणि अवयवदान एकच का?

तिन्ही वेगळी. नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी ६ तासांत होतं: पंखा बंद, पापण्या मिटून ओला कापूस, डोक्याखाली उशी. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाला, १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानं. अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, फक्त डोळे दिले असतील तर घेतात. गृहीत संमतीचा वाद मुख्यतः तिसऱ्या प्रकाराचा.

मला द्यायचे नाहीत. तेही नोंदवता येतं का?

नकाराची वेगळी सरकारी यादी आपल्याकडं नाही, कारण सध्या तिची गरज नाही. साध्या कागदावर लिहा, तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या आणि घरच्यांना सांगा. मृतानं हरकत घेतलेली होती हे कळलं, की परवानगी देता येत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मला द्यायचे आहेत. आज काय करू?

केंद्रीय संस्था नोट्टोच्या संकेतस्थळावर आधार आणि ओटीपीनं नोंदणी होते, प्रमाणपत्र लगेच उतरवता येतं. मोफत फोन १८००-११-४७७०. वय १८ पूर्ण हवं. वाहन परवान्याच्या अर्जातही अवयवदानाच्या इच्छेचा रकाना आहे, तो घाईत मोकळा सोडू नका. प्रमाणपत्राची एक प्रत जवळ आणि एक अशा नातेवाइकाकडं ठेवा, जो संकटात फोन उचलतो आणि ज्याचं घरात ऐकतात. मन बदललं तर नोंद मागं घेता येते.

वय ७२, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. माझं कोण घेणार?

डोळे जवळजवळ नक्की. मधुमेह, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन यातलं काही आड येत नाही. यकृत वय वाढलं तरी बऱ्याचदा चांगलं असतं. किडनीचं रक्त-लघवी तपासून ठरेल. एचआयव्ही, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, पसरलेला कर्करोग असेल तर मात्र नाही म्हणतात. निर्णय त्या वेळी तपासणारे डॉक्टर घेतात, फॉर्म भरताना स्वतःला बाद करायचं काम तुमचं नाही.